वादस्तेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनशॉपिंगला राहायला आल्यापासून घरी आलेला प्रत्येक पाहुणा मी वादस्तेनाला नेऊन आणला आहे. त्यानंतर ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे आणि आता पूर्ण अनोळखी लोकही तेच ते प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिकडे बोट दाखवलं आहे.

१. वादस्तेना नेमकं आहे कुठे? गाव म्हणायचं की शहर?

स्वीडनच्या दक्षिण भागात, ऑस्टरयोतलांद प्रांतात, वेत्तर्न सरोवराच्या पूर्व काठावर. वेत्तर्न हे स्वीडनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. क्षेत्रफळ १,९०० चौरस किलोमीटरच्या वर, त्यामुळे काठावर उभं राहिलं की समुद्रच वाटतो. गावाची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. तरी कागदोपत्री ते इसवी सन १४०० पासून शहर आहे, कारण त्या वर्षी राणी मार्गारेताने त्याला शहराचे हक्क दिले. आपल्या हिशेबाने म्हणाल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गप्पा मारत चालत गेलात तरी गप्पा संपायच्या आधी गाव संपतं.

२. उच्चार काय करायचा?

जोर पहिल्या अक्षरावर: वाऽदस्तेना. मधला 'द' बोलताना जवळजवळ गिळतात, म्हणून स्थानिकांच्या तोंडी 'वास्तेना' ऐकू येईल. घाबरू नका, आपण कसंही म्हटलं तरी बसचालकाला कळतं.

३. रेल्वेने थेट जाता येतं का?

नाही. स्टॉकहोमहून रेल्वेने लिनशॉपिंग किंवा म्योल्बी गाठायचं, तिथून बस. दुसरा रस्ता मूतालाहून: ते उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे आणि तिथे लोकल गाड्या येतात. बसचं तिकीट प्रांताच्या वाहतूक सेवेच्या अ‍ॅपवर मिळतं. शनिवार-रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा.

गावात रेल्वेचं जुनं स्टेशन दिसतं आणि लोक बुचकळ्यात पडतात. ती अरुंद रुळांची छोटी गाडी आहे, दोन रुळांमधलं अंतर ८९१ मिलिमीटर, म्हणजे जुने स्वीडिश तीन फूट. उन्हाळ्यात हौशी मंडळी ती फोगेल्स्ताच्या दिशेने चालवतात. मुलं बरोबर असतील तर जरूर बसा, पण ती प्रवासाची सोय नव्हे.

४. किती वेळ लागतो? आधी काय बघायचं?

धावतपळत बघणाऱ्याला तीन तास, नीट बघायचं तर पूर्ण दिवस. बहुतेक जण बसमधून उतरले की किल्ल्याकडे वळतात, कारण तो मोठा आणि समोरच दिसतो. मी पाहुण्यांना उलटं नेते: आधी मठाचं चर्च, मग त्याला लागून असलेला जुना राजवाडा, मग सरोवराच्या काठाकाठाने किल्ला. चर्च आणि किल्ला यांत चालत पाच-सात मिनिटांचं अंतर आहे. गावाची सगळी गोष्ट त्या पाच-सात मिनिटांत आहे. एका टोकाला राजाने बिर्गिट्टा नावाच्या बाईच्या मठासाठी दिलेला राजवाडा, दुसऱ्या टोकाला दोनशे वर्षांनी दुसऱ्या राजाने बांधलेला किल्ला. या क्रमाने गेलं की गोष्ट डोक्यात बसते.

५. ही बिर्गिट्टा कोण? राणी होती की नन?

दोन्ही नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे.

बिर्गिट्टा जन्मली १३०३ मध्ये, उप्पलांदमधल्या फिन्स्ता इथे. वडील बिर्गेर पेर्शोन त्या प्रांताचे कायदेप्रमुख, आईचं माहेर राजघराण्याच्या नात्यातलं. तेराव्या वर्षी तिचं लग्न उल्फ गुदमार्सोनशी झालं. आठ मुलं झाली. घर, शेतीवाडी, नोकरचाकर सांभाळणारी ही खानदानी गृहिणी. मध्यंतरी ती राणी ब्लांकाच्या दरबारात मानकरी म्हणूनही राहिली. १३४१ मध्ये नवरा-बायको स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला गेले. परतल्यावर काही काळाने, १३४४ मध्ये, आल्वास्त्राच्या मठात उल्फ वारला. त्यानंतर तिला साक्षात्कार होऊ लागले, म्हणजे पूर्वीही होत होते असं ती सांगे, पण आता ते लिहून घेतले जाऊ लागले.

त्या साक्षात्कारांत वादस्तेनात उभारायच्या मठाचा आराखडाही होता: इमारत कशी हवी, माणसं किती हवीत, कपडे कसे हवेत. पोपची परवानगी हवी म्हणून १३४९ मध्ये ती रोमला गेली आणि परत आलीच नाही. तेव्हा पोप होते फ्रान्समध्ये, आव्हिन्योंला. ही बाई वर्षानुवर्षं त्यांना 'रोमला या' म्हणून खडसावत राहिली. तिच्या नव्या धार्मिक संघाला मान्यता मिळाली १३७० मध्ये. सत्तरीला टेकलेली असताना ती जेरुसलेमची यात्रा करून आली आणि २३ जुलै १३७३ रोजी रोममध्ये वारली.

तिने स्वतः कधी मठाची दीक्षा घेतली नाही. जिच्या नावाने हे गाव ओळखलं जातं ती गावात परतली ती पेटीतून. मुलगी कॅटरीनाने अस्थी ग्दान्स्कमार्गे समुद्रावरून आणल्या, १३७४ च्या उन्हाळ्यात. चर्चमध्ये उभं राहून हे आठवलं की काटा येतो: खांब न् खांब जिच्या सांगण्यावरून उभा आहे तिने तो पाहिलेला नाही.

६. राजाने स्वतःचा राजवाडा मठाला का दिला?

राजा माग्नुस एरिकसोन आणि राणी ब्लांका यांनी १३४६ च्या मृत्युपत्रात वादस्तेनाची राजेशाही मिळकत मठासाठी लिहून दिली. बिर्गिट्टाचं दरबारात वजन होतं, आणि राजघराण्याला आपल्या आत्म्यांसाठी कायम प्रार्थना करणारी जागा हवी होती. मध्ययुगात हा व्यवहार सगळीकडेच चाले.

गंमत पुढे आहे. पुढच्या काळात बिर्गिट्टाचे साक्षात्कार याच राजावर उलटले. त्याचा लोभ, त्याची धोरणं, त्याचे सल्लागार, कुणालाही तिने सोडलं नाही, सरदारांनी त्याला पायउतार करावं इथपर्यंत मजल गेली. दान दिलेला राजवाडा मात्र मठाकडेच राहिला.

तो राजवाडा अजून उभा आहे. ब्येल्बू राजघराण्याचा हा विटांचा वाडा तेराव्या शतकातला, स्वीडनमधल्या सर्वांत जुन्या बिगरधार्मिक विटांच्या इमारतींपैकी एक. मठासाठी त्यात फेरफार झाले आणि त्यात नन राहू लागल्या. दरबार भरायचा तिथे मौन पाळलं जाऊ लागलं. आता तिथे मठाचं संग्रहालय आहे.

७. एकाच मठात बायका आणि पुरुष? ते कसं चालायचं?

नियमाने. बिर्गिट्टाने आकडाच ठरवून दिला होता: ६० नन आणि २५ पुरुष. पुरुषांत १३ पाद्री, ४ डीकन (पाद्र्यांच्या खालचे धर्मसेवक) आणि ८ सेवेकरी. एकूण ८५, म्हणजे पॉलसकट १३ प्रेषित आणि येशूचे ७२ शिष्य. दोन्ही निवास वेगवेगळे, मध्ये चर्च, आणि चर्चमध्येही एकमेकांचं तोंड दिसू नये अशी बेतलेली रचना: पाद्री खाली वेदीपाशी, नन उंचावरच्या सज्जात.

कारभार बाईच्या हाती. मठाची प्रमुख नन हीच सगळ्यांची वडीलधारी, पुरुषांचीही. पाद्र्यांचं काम प्रवचन, कबुलीजबाब ऐकणं, अभ्यास. चौदाव्या शतकात हे किती धीट होतं याचा अंदाज यावरून करा की पोपच्या दरबारात या नियमावर वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला होता.

८. चर्च बाहेरून इतकं साधं का? आणि 'निळं' कसं?

तिने तसंच सांगितलं होतं: साधं, नम्र आणि भक्कम. त्यामुळे आकाशात घुसणारे मनोरे नाहीत, दारावर कोरीव गर्दी नाही. युरोपात दोन-चार कॅथेड्रल बघून आलेले पाहुणे पहिल्यांदा 'एवढंच?' म्हणतात. आत गेल्यावर गप्प होतात. रुंद सभागृहासारखी रचना, तिन्ही भागांची उंची जवळपास सारखी, आठकोनी खांब आणि वर विटांच्या कमानींची जाळी.

'निळं चर्च' हे नाव दगडावरून पडलं. हा जवळच्या ऊमबेर्ग डोंगराच्या परिसरातला चुनखडीचा दगड, निळसर राखाडी. कोरड्या उन्हात तो नुसता करडा दिसतो. निळा बघायचा असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा, ओल्या भिंतीवर रंग उमटतो. चर्चचा विधिवत अभिषेक १४३० मध्ये झाला, म्हणजे बिर्गिट्टाच्या मृत्यूनंतर ५७ वर्षांनी.

एक खुबी सहसा सुटते. बहुतेक जुन्या चर्चची मुख्य वेदी पूर्वेला असते. इथे ती बाजू पश्चिमेला आहे, सरोवराकडे. हेही तिच्याच आराखड्यातलं.

९. आत नेमकं काय बघायचं?

घाईत असाल तर तीन गोष्टी. पहिली, साक्षात्काराच्या क्षणातली बिर्गिट्टाची लाकडी मूर्ती, पंधराव्या शतकातली. डोळे मिटल्यासारखे, चेहरा किंचित वर, ओठ जरा विलग. मूर्ती म्हटल्यावर आपण दागिने, मुकुट, आयुधं शोधतो. इथे काहीच नाही, डोक्यावर विधवेचं वस्त्र. मी दरवेळी तिच्यासमोर जरा जास्तच थांबते.

दुसरी, अस्थींची लाल पेटी. तिच्याबद्दल प्रश्न २० मध्ये. तिसरी, जमिनीतले थडग्यांचे दगड. चालताना खाली बघा, कारण पायाखाली पाचशे वर्षांची माणसं आहेत. राजघराण्यातलं कोण कोण आहे ते प्रश्न २२ मध्ये आहे.

१०. किल्ला आहे की राजवाडा?

आधी किल्ला, मग राजवाडा, मग धान्याचं कोठार. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने १५४५ मध्ये बांधकाम काढलं ते दक्षिणेकडून येणाऱ्या शत्रूला अडवायला. म्हणून जाड भिंती, गोल बुरूज, मातीचे तट, सरोवराच्या पाण्याने भरलेला खंदक. पुढे त्याच्या मुलांच्या हाताखाली त्याला राजवाड्याचं रूप येत गेलं. काम पूर्ण झालं १६२० मध्ये. अठराव्या शतकापासून मात्र राजघराण्याचं त्याच्याकडे लक्षच उरलं नाही. आत तलम कापड विणलं गेलं, धान्य साठवलं गेलं. कुणी नव्याने सजवला नाही म्हणूनच तो मूळ रूपात शिल्लक राहिला, असं माझं मत.

१८९९ मध्ये इथे प्रांतिक दफ्तरखाना सुरू झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. चर्चच्या नोंदवह्या, जन्म-मृत्यू, खटले, सगळं बुरुजांच्या आत. मातीचे तट एकोणिसाव्या शतकात पाडले होते, ते १९९९ मध्ये पुन्हा उभारले. आता त्यांच्या उतारावर गवत आहे आणि खंदकात पर्यटकांच्या शिडाच्या बोटी नांगरलेल्या असतात. उन्हाळ्यात किल्ल्यात ऑपेरा होतात. विसरल्या गेलेल्या जुन्या ऑपेरा शोधून तरुण गायकांकडून बसवून घेणारी अकादमी इथे १९६४ पासून आहे. तिकिटं लवकर संपतात.

११. मठ बंद कधी पडला?

एका दिवसात नाही. १५२७ मध्ये गुस्ताव वासाने चर्चची मिळकत ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि देश कॅथलिक पंथ सोडून मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे वळला. वादस्तेनाच्या जमिनी गेल्या, चांदी गेली, पुरुषांचा मठ विझला. नन चिवट निघाल्या, टिकून राहिल्या. गुस्तावचा मुलगा योहान तिसरा, ज्याची राणी पोलंडची कॅथलिक होती, त्याने त्यांना आधार दिला आणि मठाला शेवटची उभारी आली. योहान गेल्यावर त्याचा भाऊ ड्यूक कार्ल याने १५९५ मध्ये मठ कायमचा बंद केला. काही नन ग्दान्स्कला गेल्या, त्याच रस्त्याने उलट्या, ज्या रस्त्याने बिर्गिट्टाच्या अस्थी आल्या होत्या.

पुढे मठाच्या इमारतीत सतराव्या शतकात म्हाताऱ्या, जायबंदी सैनिकांचं वसतिगृह झालं. मग मनोरुग्णांचं इस्पितळ आलं, आणि विसाव्या शतकापर्यंत वादस्तेना म्हणजे वेड्यांचं गाव अशी ओळख होती. स्वीडिश म्हाताऱ्यांकडून ती चेष्टा अजून ऐकू येते. इस्पितळाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. चांगलं आहे, पण मन घट्ट करून जा.

१२. आज तिथे नन आहेत का? त्या भारतातल्याही असतात असं ऐकलं.

इथे दोन शाखांची गल्लत होते, तेव्हा सावकाश सांगते.

एलिसाबेथ हेसेलब्लाद नावाच्या स्वीडिश परिचारिकेने १९११ मध्ये रोममध्ये बिर्गिट्टाच्या संघाची नवी शाखा काढली. त्या शाखेच्या भगिनी १९३५ मध्ये वादस्तेनाला आल्या. म्हणजे मठ बंद झाल्यावर ३४० वर्षांनी बिर्गिट्टाच्या नन पुन्हा गावात राहू लागल्या. याच शाखेचं काम १९३७ मध्ये केरळात सुरू झालं आणि आज तिच्यात भारतीय भगिनी मोठ्या संख्येने आहेत. युरोपातल्या त्यांच्या एखाद्या अतिथीगृहात मल्याळम कानावर पडलं तर नवल नाही. हेसेलब्लादला दुसऱ्या महायुद्धात रोममध्ये ज्यू कुटुंबांना लपवल्याबद्दल इस्रायलने गौरवलं आणि २०१६ मध्ये संतपद मिळालं.

१९६३ मध्ये वादस्तेनाचं घर नेदरलँड्समधल्या उदेनहून आलेल्या भगिनींनी चालवायला घेतलं. ही मध्ययुगापासून न तुटलेली जुनी शाखा. १९९१ मध्ये त्यांच्या घराला स्वतंत्र मठाचा दर्जा मिळाला. नाव 'पाक्स मारीए', सरोवराकाठी.

भगिनींना ओळखायची खूण म्हणजे डोक्यावरचा मुकुट. काळ्या वस्त्रावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या, आणि त्यांवर लाल रंगाचे पाच ठिपके, येशूच्या पाच जखमांचे. एकदा पाहिलंत की जगात कुठेही ओळखाल.

१३. चर्च आणि किल्ला झाला. गावात आणखी काय?

गावातून भटका. चौकात स्वीडनमधलं सर्वांत जुनं नगरभवन आहे, पंधराव्या शतकातलं. लाल मनोरा दिसेल, तो एका पाडलेल्या चर्चचा उरलेला भाग आहे.

मॉर्तेन स्किनारेचं घर मात्र चुकवू नका. हा कातडी कमावणारा गडी चांगला पैसेवाला होता. सोळाव्या शतकातलं त्याचं दगडी घर आहे, आणि वरच्या मजल्यावर, भिंतीच्या बाहेर, एक लाकडी खोका लोंबकळताना दिसतो. तो त्याचा संडास. खाली काही नाही, सरळ जमीन. माझ्या सासूबाई चर्चमध्ये अर्धा तास बसल्या, किल्ला बघितला, आणि घरी फोनवर सगळ्यांना सांगितलं ते याच संडासाचं.

लेस विकणारी दुकानंही आहेत. लहान लहान लाकडी बॉबिनांवर दोरे गुंडाळून, उशीवर टाचण्या टोचून ती विणतात. ही कला ननांनी आणली अशी दंतकथा आहे. खात्रीचं एवढंच की पुढच्या शतकांत गावातल्या बायकांचं पोट यावर चालायचं आणि फेरीवाले ही लेस देशभर नेऊन विकायचे.

१४. मठात मोठं ग्रंथालय होतं म्हणतात. ते कुठे गेलं?

मध्ययुगीन उत्तर युरोपातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एक. बिर्गिट्टाने पैसा, दागिने, दिखावा यावर बंधनं घातली, पण अभ्यासाला लागतील तेवढी पुस्तकं ठेवायला मोकळीक दिली. मठात छापखानाही काढला होता, तो १४९५ मध्ये जळाला. मठ बंद पडल्यावर पुस्तकांची पांगापांग झाली. वाचलेल्यांपैकी शेकडो हस्तलिखितं आज उप्पसालाच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहेत. मठाची रोजनिशीही शिल्लक आहे: कोण आलं, कोण वारलं, कोणत्या साली थंडी किती पडली. त्या काळच्या स्वीडनबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या रोजनिशीमुळे.

१५. आम्ही ख्रिश्चन नाही. आत गेलेलं चालतं का?

चालतं. चर्च आता स्वीडनच्या लुथरन चर्चकडे आहे, सगळ्यांना मोकळं. चपला काढाव्या लागत नाहीत. प्रार्थना चालू असेल तर मागे बसा, फिरू नका, फोटो काढू नका. कॅथलिक प्रार्थना भगिनींच्या चर्चमध्ये होते (प्रश्न १२). दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या कार्यक्रमांना जातात.

१६. आई-बाबा बरोबर आहेत. चालायला जमेल का? जेवणाचं काय?

गाव सपाट आहे, पण जुन्या गल्ल्यांत गोल दगडांची फरसबंदी आहे आणि गुडघ्यांना ती आवडत नाही. आईंना पातळ तळाच्या चपला घालू देऊ नका. चर्चमध्ये बसायला भरपूर जागा. किल्ल्यातल्या जुन्या पायऱ्या उंच आहेत, बाबांनी हट्ट केला तरी सावकाश.

शाकाहारी काहीतरी मिळतंच, पण 'काहीतरी' म्हणजे बहुधा सॅलड आणि सूप. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो आणि किल्ल्याच्या तटावरच्या गवतात बसतो. वाऱ्यासाठी जुलैतही एक स्वेटर हवाच.

१७. कधी जाऊ नये?

जूनच्या मध्यात वेत्तर्नला वळसा घालणारी सुमारे ३०० किलोमीटरची प्रचंड सायकल फेरी मूतालाहून निघते आणि वादस्तेनातून जाते. हजारो सायकली, भरलेली हॉटेलं. एका वर्षी तारीख न बघता मी पुण्याहून आलेल्या मावशी-काकांना घेऊन गेले. चूक माझीच. काका खूश होते, मावशींना चर्च दुरूनच दिसलं.

हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, बरीच ठिकाणं बंद किंवा अर्धवट उघडी. पण बर्फात चर्च बघायचं असेल तर त्यासारखं नाही. वेळा आदल्या दिवशी तपासा.

१८. आयर्लंडची संत ब्रिजिड आणि ही एकच का?

नाही. आयर्लंडची ब्रिजिड जवळजवळ आठशे वर्षं आधीची, तिचा दिवस १ फेब्रुवारी. नाव मात्र तिच्याचवरून उत्तरेत पसरलं. इंग्रजी पुस्तकांत दोघींचं स्पेलिंग सारखं लिहितात, म्हणून घोळ.

१९. बिर्गिट्टाचा सण २३ जुलैला की ७ ऑक्टोबरला?

दोन्ही. २३ जुलै ही पुण्यतिथी, कॅथलिक पंचांगात आता हाच दिवस. ७ ऑक्टोबर १३९१ रोजी पोप बोनिफेस नवव्याने तिला संतपद दिलं. स्वीडिश कॅलेंडरात बिर्गिट्टा नावाच्या बायकांचा नामदिन ७ ऑक्टोबरच. जुन्या कॅथलिक पुस्तकांत ८ ऑक्टोबर दिसेल. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी तिला युरोपच्या संरक्षक संतांत घेतलं. त्याआधी १९८९ मध्ये ते स्वतः वादस्तेनाला आले होते.

२०. लाल पेटीतल्या अस्थी खरंच तिच्या आहेत का?

पेटीतल्या दोन कवट्या बिर्गिट्टा आणि कॅटरीना या मायलेकींच्या मानल्या जात. उप्पसालाच्या संशोधकांनी त्यांची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. आईकडून मुलीकडे जाणारा डीएनए जुळला नाही, म्हणजे या मायलेकी नव्हेत. कार्बन पद्धतीने काढलेला काळही बसत नाही: एक कवटी १२१५ ते १२७० च्या दरम्यानची, दुसरी १४७० ते १६७० च्या. बिर्गिट्टा जगली १३०३ ते १३७३.

मग यात्रेकरू फसले का? हा प्रश्न मला एका भगिनीला विचारायचा धीर झाला. ती हसली आणि म्हणाली, लोक पेटीला भेटायला येत नाहीत. मला ते उत्तर पुरलं, तुम्हाला पुरेल की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

२१. कॅटरीनाही संत आहे ना?

मानतात, पण तिची पूर्ण प्रक्रिया झाली नाही. १४८४ मध्ये पोपने तिच्या पूजनाला परवानगी दिली आणि १४८९ मध्ये वादस्तेनात तिच्या अस्थींचा मोठा सोहळा झाला. औपचारिक संतपदाची घोषणा व्हायच्या आधी धर्मसुधारणा आली आणि फाइल तशीच राहिली. सरकारी कामासारखंच.

२२. चर्चमध्ये कोणते राजे पुरले आहेत?

राजा एकही नाही. राण्या आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीची मुलगी फिलिपा बारा वर्षांची असताना डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या उत्तरेच्या संयुक्त राज्याची राणी म्हणून इकडे आली, मठावर तिचा जीव होता, १४३० मध्ये इथेच वारली. तिच्या भावाने, पाचव्या हेन्रीने, लंडनजवळ बिर्गिट्टाच्या संघाचा सायन मठ काढला आणि वादस्तेनाहून नन तिकडे गेल्या. स्वीडनचा राजा कार्ल क्नुत्सोन याची राणी कॅटरीनाही इथे आहे. पुरुषांत गुस्ताव वासाचा मुलगा ड्यूक माग्नुस, त्याचं थडगं सगळ्यात भव्य. त्याच्याबद्दल प्रश्न २४.

गावाला हक्क देणारी राणी मार्गारेता इथे नाही, ती डेन्मार्कमध्ये रोस्किल्देला आहे. तिचा संबंध घरगुती होता: लहानपणी तिला वाढवलं ते बिर्गिट्टाची मुलगी मेर्ताने.

२३. 'वादस्तेनाचा गोंधळ' म्हणजे काय?

१५५९ ची भानगड. गुस्ताव वासाच्या थोरल्या मुलीचं लग्न जर्मनीतल्या पूर्व फ्रिसियाच्या एद्झार्दशी झालं. वरात जर्मनीकडे निघाली, वाटेत वादस्तेनाच्या किल्ल्यात मुक्काम. नवरदेवाचा भाऊ योहान रात्री धाकट्या राजकन्येच्या, सेसिलियाच्या, खिडकीतून चढताना दिसला. तिचा भाऊ एरिक याने पाळत ठेवली आणि योहानला तिच्या खोलीत विजारीशिवाय पकडलं. एरिकने गुपचूप मिटवायच्या ऐवजी एवढा गाजावाजा केला की युरोपभर बोभाटा झाला. म्हातारा राजा योहानपेक्षा एरिकवरच जास्त भडकला.

त्याच राजाने सात वर्षांपूर्वी, १५५२ मध्ये, वादस्तेनातच तिसरं लग्न केलं होतं, आपल्या दिवंगत राणीच्या भाचीशी, कॅटरीना स्टेनबोकशी. ती सोळा-सतरा वर्षांची, तो पन्नाशी ओलांडलेला. बिशपांनी नात्याचं कारण काढून विरोध केला. तेव्हा बोभाट्याची त्याला फिकीर नव्हती.

२४. ड्यूक माग्नुसने जलपरीसाठी उडी मारली हे खरं का?

माग्नुसला तरुणपणीच मानसिक आजार जडला होता, हे खरं. तो किल्ल्यात राही. दंतकथा अशी की पाण्यातून एक जलपरी त्याला हाक मारत होती आणि एके दिवशी त्याने खिडकीतून थेट खंदकात उडी मारली. यावर जुनं लोकगीत आहे. उडीतून तो वाचला असं कथाच सांगते, मृत्यू आला तो १५९५ मध्ये, मठ बंद झाला त्याच वर्षी. किल्ल्यात गेलात की कोणती खिडकी ते विचारा. मला आजवर तीन वेगवेगळ्या दाखवल्या आहेत.

२५. त्याच दिवशी जवळपास आणखी काही जोडता येईल का?

गाडी असेल तर दक्षिणेला आल्वास्त्रा. ११४३ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्सियन (एक कॅथलिक संन्यासी संघ) मठ, आता छप्पर नसलेल्या कमानी आणि गवत. उल्फ इथेच वारला (प्रश्न ५). त्याच भागात रोक गावच्या चर्चजवळ नवव्या शतकातला रूनी (उत्तर युरोपातल्या प्राचीन) लिपीतला उंच शिलालेख आहे, सुमारे ७६० अक्षरांचा. वाचता येतो, पण अर्थावरून विद्वानांचं अजून भांडण चालू आहे. गाडी नसेल तर हे दोन्ही सोडा, आणि परतीच्या बसआधी सरोवराकाठी चहा संपवा.